गिरनारची परिक्रमा एका दिवसात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपतीच्या दिवसांत बडोद्याहून येणाऱ्या पत्रांत दरवर्षी गिरनार असतो. दत्तशिखराच्या पायऱ्या आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहेत. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या दिवसांत होणारी लीली परिक्रमा मात्र पायऱ्यांची नाही. पायथ्याच्या भवनाथहून निघून डोंगराला जंगलातून पूर्ण वळसा घालत तिथेच परतणारी ती ३६ किलोमीटरांची वाट आहे. बहुतेक यात्रेकरू ती दोन-तीन दिवसांत, मुक्काम करत चालतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ती एका दिवसात करू पाहणाऱ्यांची आहेत, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

प्रश्न: आम्ही चौघे मित्र, वय ४४ ते ५३. रोज सकाळी कमाटीबागेत पाच किलोमीटर चालतो, बरोबर तासभर लागतो. या हिशेबाने ३६ किलोमीटरांना सव्वासात तास होतात. पहाटे सहाला भवनाथहून निघालो तर दुपारी दोनपर्यंत परत यायला हरकत नसावी. काही चुकतंय का?
— कारेलीबाग, बडोदे

उत्तर: चुकतंय, आणि दोन-तीन ठिकाणी. ताशी पाच किलोमीटर हा बागेतल्या सपाट रस्त्याचा वेग आहे. परिक्रमेची वाट मातीची आणि सुट्या दगडांची आहे. ती डोंगराच्या सोंडा ओलांडत जाते, पुढेमागे माणसांची रांग असते आणि तुमच्या पाठीवर चार-पाच किलोंचे ओझे असेल. अशा वाटेवर तुमच्या वयाचा, सराव असलेला माणूस ताशी तीन ते साडेतीन किलोमीटर चालतो. त्यात बसण्याचा, खाण्याचा आणि पाणी भरण्याचा वेळ धरावा लागतो.

वाटेचे चार तुकडे आहेत. भवनाथ ते जीणाबावाची मढी १२ किलोमीटर, तिथून माळवेला ८, माळवेल्याहून बोरदेवी ८ आणि बोरदेवीहून परत भवनाथ ८. मध्ये तीन मोठे चढ लागतात. त्यांना तिकडे घोडी म्हणतात: इटव्याची, माळवेल्याची आणि नळपाणीची. सर्वांत खडी नळपाणीची, आणि ती येते शेवटी, पाय थकल्यावर. म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळा वेळ द्या. पहाटे चारला निघालात तर मढीला साडेसात, अर्धा तास थांबून माळवेल्याला पावणेअकरा, पाऊण तास जेवण-विश्रांती, नळपाणीची घोडी ओलांडून बोरदेवीला अडीच, आणि तिथून तीनला निघून भवनाथला साडेपाचच्या आत-बाहेर. नोव्हेंबरच्या मध्यात जुनागढला सूर्य सहा-पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाताशी अर्धा तास उरला. तो बहुधा घोडीवरच्या गर्दीत जातो, कारण अरुंद चढावर पुढचा थांबला की मागचे शंभर थांबतात. सहाला निघालात तर नळपाणीच्या उताराला तुमच्या हाती दोन-अडीच तासांचाच उजेड असेल आणि शेवटच्या आठ किलोमीटरांतले निम्मे अंधारात जातील.

आता या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. गडावर जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल तर कुठूनही मागे फिरता येते, आणि जितके लवकर फिराल तितके कमी चालावे लागते. वर्तुळाकार वाटेवर ही सोय अर्ध्यापर्यंतच असते. परिक्रमेचा मध्य आहे १८ किलोमीटरांवर, मढी आणि माळवेला यांच्या दरम्यान जंगलात. माळवेल्याला पाय सुजला तर मागे २० किलोमीटर आणि पुढे १६, तेही नळपाणीच्या घोडीसकट. तिथे निर्णय घ्यायला काही शिल्लकच राहिलेले नसते. म्हणून निर्णय मढीला घ्यायचा, आणि त्याच्या अटी घरीच कागदावर लिहून ठेवायच्या. आमच्या अटी अशा: मढीला पोचायला नऊ वाजून गेले असतील, चौघांपैकी कुणाच्याही पायाला फोड आला असेल, कुणाच्या गुडघ्यात उतारावर टोचत असेल, किंवा कुणाला सकाळपासून लघवीला झालेली नसेल, तर एका दिवसाचा बेत तिथे संपला. मग एक तर १२ किलोमीटर मागे फिरा, नाहीतर इतर यात्रेकरूंसारखा पडावावर मुक्काम धरा आणि उरलेली वाट दुसऱ्या दिवशी करा. मुक्कामाची शक्यता धरून प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळ चादर आणि रोजच्या औषधांचा एक जादा दिवस असू द्या. मढीवर पोचल्यावर "आलोच आहोत तर जाऊ" असे ज्याला वाटेल, त्याने तो कागद काढून वाचावा.

दिवस कोणता निवडायचा, हेही ठरवा. एकादशीच्या मध्यरात्री परिक्रमा रीतसर सुरू होते, त्यामुळे ती रात्र आणि दुसरा दिवस दाटीचा असतो. शिवाय एकादशीचा चंद्र पहाटे तीनच्या आसपास मावळतो, म्हणजे चारला निघणाऱ्याला काळोख. त्रयोदशीला तो पाचच्या सुमारासपर्यंत साथ देतो. आमचे मत त्रयोदशीला. तरी डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला वेगळी हवी. मोबाइलच्या उजेडात चालले की एक हात अडकतो, आणि चार्ज दुपारी लागणार असतो.

प्रदक्षिणा असल्याने गिरनार सतत उजव्या हाताला राहतो. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास "पुढच्या पडावावर, देवळाच्या दारात" असे आधीच ठरवून ठेवा.

परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नका. आणि गाडी स्वतः चालवत जाणार असाल तर ३६ किलोमीटर चाललेल्या माणसाने त्या रात्री स्टिअरिंगला हात लावू नये. जुनागढला मुक्कामाची जागा आताच बघा, त्या आठवड्यात ऐनवेळी मिळत नाही.

प्रश्न: बडोद्यात चढ म्हणावा असा एकही रस्ता नाही. सराव करायचा कसा? चालण्याची सवय आहे, पण जिना उतरताना माझा उजवा गुडघा कुरकुरतो. वय ४८.
— सौ., मांजलपूर

उत्तर: गुडघा उतरताना बोलतो हे तुम्ही लिहिलेत ते बरे झाले, कारण बहुतेकजण चढाचीच तयारी करतात. चढताना दम लागतो आणि थांबले की जातो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार अडवून धरतो. त्या कामाची त्याला सवय नसेल तर तो तिसऱ्या-चौथ्या तासाला सोडून देतो, आणि मग प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यावर येतो. उपाय एकच: उतरण्याचा सराव. दहा मजली इमारतीचा जिना म्हणजे साधारण ३० मीटर उंची. वर जाऊन लिफ्टने खाली येणे हा निम्मा सराव वाया घालवणे आहे. चालत उतरा, सावकाश, पूर्ण पाऊल टेकवून, पुढचा पाय टेकेपर्यंत मागच्या पायाने भार धरून.

आपल्या सणांच्या पंचांगावरच सराव बसवता येतो. गणेशचतुर्थीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत साडेनऊ आठवडे मिळतात.

गणपती ते नवरात्र हे जवळजवळ चार आठवडे जिन्याचे. आठवड्यातून दोनदा, दहा मजल्यांच्या चार फेऱ्यांनी सुरुवात करून दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा. रविवारी लांब चालणे: ८, १०, १३, १६ किलोमीटर. पिशवी पहिल्या दिवसापासून पाठीवर, आधी दोन किलो, मग चार. पाण्याच्या बाटल्याच भरा, म्हणजे जड झाले तर ओतून टाकता येते.

नवरात्रात गरबा खेळणार असाल तर जिना पूर्ण बंद. गरब्यातले वळणे आणि उडी घेणे गुडघ्याला पुरेसा ताण देते, आणि दोन्ही एकत्र केले की दसऱ्याला माणूस लंगडत असतो.

दसरा ते दिवाळी हे तीन आठवडे खऱ्या डोंगराचे, आणि त्यासाठी पावागड आहे. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर. वाहनाने माचीपर्यंत जाऊन रोपवे धरलात तर सराव शून्य. चांपानेरला पायथ्याशी गाडी ठेवा, गडाच्या जुन्या दरवाजांतून जाणाऱ्या पायवाटेने माची गाठा, तिथून पायऱ्यांनी कालिकामातेच्या देवळापर्यंत, आणि सगळे पायी खाली. सहाशे मीटरांहून अधिक चढ आणि तेवढाच उतार एका सकाळी मिळतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा जा. दुसऱ्या वेळी देवळापासून माचीपर्यंत उतरून पुन्हा वर जा आणि मग खाली या. नवरात्रात, पौर्णिमेला आणि रविवारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कोजागरी टाळून मधला वार घ्या. पाऊस पडून गेलेला असेल तर जुन्या फरशांवरच्या शेवाळाने घसरायला होते. याच तीन आठवड्यांत एक दिवस सपाटीवर सलग २२ ते २५ किलोमीटर चाला. पायांना फोड कुठे येतो, पिशवीचा पट्टा कुठे काचतो, पोट काय स्वीकारते, हे तेव्हाच कळते.

दिवाळीपासून पुढचे अकरा दिवस विश्रांतीचे: रोज चार-पाच किलोमीटर, मध्ये एकदा दहा. या दिवसांत "राहिलेला सराव" भरून काढणारा माणूस दुखरे पाय घेऊन जुनागढला उतरतो.

तुमच्या गुडघ्यासाठी वेगळे: दसऱ्यापर्यंत कुरकुर कमी झाली नाही, किंवा सूज येऊ लागली, अथवा गुडघा अडकल्यासारखा वाटला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाऊ नका. भवनाथला काठ्या विकत मिळतात. कोपर काटकोनात राहील एवढ्या उंचीची घ्या, उतारावर थोडी लांब असलेली बरी. उतरताना काठी आधी खाली टेकायची आणि मग पाऊल. उलटे केले तर तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न: सासूबाईंनी नवस बोलला होता की परिक्रमा अनवाणी करीन. त्यांचे वय ६१, प्रकृती उत्तम, मधुमेह नाही. मी सोबत जाणार आहे. त्यांना कसे समजावू? आणि मला बूट कोणते घ्यावेत?
— दांडिया बाजार

उत्तर: अनवाणी चालणारे यात्रेकरू परिक्रमेत दिसतात आणि त्यांची श्रद्धा आम्हाला मोलाची वाटते. पण त्यांतले बहुतेक जण ती तीन दिवसांत करतात, आणि अनेकांचे पाय वर्षभर अनवाणी शेतात वावरलेले असतात. बडोद्याच्या फरशीवर वावरलेल्या तळव्याला ३६ किलोमीटर सुटे खडे एका दिवसात झेपणार नाहीत. पहाटे थंडीत खडे लागलेले कळत नाहीत, आणि दुपारी तळवा जड झाल्यावर आधीची प्रत्येक ठेच जाणवू लागते. सासूबाईंपुढे दोन पर्याय ठेवा. अनवाणीच करायची असेल तर तीन दिवस, दोन मुक्काम. एका दिवसात करायची असेल तर भवनाथ महादेवाच्या दर्शनापासून, परिक्रमेची वाट सुरू होते त्या रूपायतनच्या फाटकापर्यंत आणि प्रत्येक पडावाच्या देवळाशी पादत्राणे काढावीत, मधल्या वाटेवर घालावीत. नवस त्यांचा आहे, तेव्हा निवडही त्यांनाच करू द्या. कुठलाही पर्याय घेतला तरी पिशवीत मऊ बूट आणि जाड मोजे असू द्यावेत. मधुमेह असता तर आमचे उत्तर सरळ नाही असे आले असते.

तुमच्या बुटांविषयी. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. ज्या मोज्यांवर चालणार ते घालूनच बूट बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, नाहीतर नळपाणीच्या उतारावर बोटे पुढे आपटून नख काळे पडते. तळ खोल खाचांचा असावा. रस्त्यावर पळण्याच्या बुटांचा गुळगुळीत तळ परिक्रमेतल्या पिठासारख्या धुळीवर सरकतो. बूट दिवाळीला नवे घेऊन एकादशीला घालायचे नाहीत, आधी ५० किलोमीटर तरी चालून झालेले हवेत. उतार सुरू होण्याआधी नाडी सोडून पुन्हा बांधा: टाच मागे ठोका, घोट्याजवळच्या सर्वांत वरच्या भोकातून नाडी ओढून घ्या. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, दोन जोड्या, एक माळवेल्याला बदलायला. नखे दोन दिवस आधी कापा. आणि तळव्यावर कुठेही गरम लागल्यासारखे वाटले की त्याच क्षणी थांबून तिथे कागदी चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पाय ही सूचना देतो. "पुढच्या पडावावर बघू" म्हणणाऱ्याला तिथे फोडच बघायला मिळतो.

प्रश्न: एकादशीलाच चालायची इच्छा आहे आणि उपवासही मोडायचा नाही. जमेल? पाणी किती न्यावे?
— रावपुरा

उत्तर: फराळी उपवास असेल तर जमेल. निर्जळा असेल तर नाही. नोव्हेंबरात पहाटे गारवा असला तरी दुपारी ऊन चांगलेच असते, आणि बारा-तेरा तासांच्या चालीत घामावाटे पाच-सहा लिटर पाणी सहज जाते. तासाला अर्धा लिटर धरा. दोन लिटर सोबत घ्या आणि प्रत्येक पडावावर भरून घ्या. वाटेतल्या झऱ्यांचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्या दिवसांत लाखो माणसे वरच्या अंगाला असतात, तेव्हा ते पिऊ नका.

खाण्याचे गणित असे: दर ४५ मिनिटांनी थोडे, भूक लागायची वाट न पाहता. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी, मीठ लावलेली उकडलेली रताळी. साबुदाण्याची खिचडी निघण्यापूर्वी दोन तास, वाडगाभर ठीक. चालताना नको, तूप-दाण्यांमुळे ती पोटात जड बसते. मीठ विसरू नका. उपवासाला सैंधव चालते आणि तेही सोडियमच देते, म्हणून एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा सैंधव हे मिश्रण उपवासातही घेता येते. ओआरएसची तयार पुडी वापरलीत तर तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला. अर्ध्या पाण्यात घट्ट केली की तहान वाढते आणि पोट बिघडते.

उपवास नसणाऱ्यांसाठी अन्नक्षेत्रांत गाठिया, पुरी-भाजी, खिचडी-कढी मनापासून वाढली जाते. तिचा मान राखा, पण तळलेले पोटभर खाऊन लगेच घोडी चढू नका. बडोद्याचा लीलो चेवडो न्यायचा मोह होईल. तो बटाट्यामुळे ओलसर असतो, दुपारपर्यंत उन्हात टिकत नाही. जंगलात प्लॅस्टिकला बंदी आहे, तेव्हा सगळे कापडी पिशवीत आणि स्टीलच्या डब्यात.

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू. ते म्हणतात, "दत्तमहाराज नेतील." न्यावे का?
— वाघोडिया रोड

उत्तर: एका दिवसाच्या बेतात नको. मुक्काम करत, डॉक्टरांनी तपासून होकार दिला तर विचार करा. परिक्रमेत हृदयविकाराने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि चढावर छातीत जडपणा आला की "पित्त असेल" म्हणून पुढे रेटणे हेच जिवावर बेतते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, न थांबणारा दम: यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसवा, चालवू नका, १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर एकाला जवळच्या पडावावरच्या आरोग्यपथकाकडे पाठवा.

डॉक्टरांना नेमके विचारा: लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घ्यायची का, आणि साखर कमी करणाऱ्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस दिवसभराच्या चालीसाठी बदलायचा का. चालण्याने साखर उतरते, आणि डोस तोच राहिला तर ती धोकादायक खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. साखर बाबांच्या खिशात ठेवा, तुमच्या पिशवीत नव्हे.

प्रश्न: सिंह-बिबट्यांचे काय?
— निझामपुरा

उत्तर: हे २००८ पासून अभयारण्य आहे, सिंह आणि बिबटे दोन्ही तिथे राहतात. त्या दिवसांत वनखात्याची माणसे वाटेवर असतात आणि गर्दीमुळे प्राणी सहसा दूर जातात. पण २०२३ च्या परिक्रमेत बोरदेवी भागात बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा जीव गेला. बिबट्या उभ्या, मोठ्या आकाराला टाळतो आणि बसलेल्या, वाकलेल्या किंवा लहान आकाराकडे वळतो. म्हणून लहान मूल मोठ्यांच्या मध्ये, हात धरून. शौचाला अंधारात एकट्याने झुडपांत जायचे नाही, दोघे सोबत आणि उजेड चालू. जवळची म्हणून सांगितलेली कुठलीही आडवाट धरायची नाही.

प्रश्न: परिक्रमेच्या दुसऱ्या दिवशी दत्तशिखर चढावे असा विचार आहे. आणि परिक्रमा मार्गावर जानेवारीत, गर्दी नसताना जाता येईल का?
— अलकापुरी

उत्तर: दुसऱ्या दिवशी दहा हजारांच्या आसपास पायऱ्या म्हणजे तेवढ्याच उतरायच्याही. उतरण्याने आलेले स्नायूंचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. क्रम उलटा करू नका, आधी पायऱ्या आणि मग परिक्रमा हे आणखी वाईट. शिखर वेगळ्या फेरीसाठी ठेवा. अगदीच जायचे तर मध्ये एक पूर्ण दिवस सोडा आणि २०२० पासून सुरू असलेल्या रोपवेने अंबाजीपर्यंत जा. तिथून पुढे गोरखनाथ आणि दत्तशिखर या टप्प्यात चढ-उतार दोन्ही आहेत, पण निम्म्या पायऱ्या वाचतात.

जानेवारीत नाही. परिक्रमेचा मार्ग अभयारण्यातून जातो आणि त्या कार्तिकी दिवसांपुरताच खुला होतो. खुला होईलच याचीही खात्री धरू नका: २०२५ मध्ये अवकाळी पावसाने वाट चिखलाची झाल्यामुळे प्रशासनाने ती सर्वसामान्यांसाठी रद्द केली. म्हणून निघण्यापूर्वी आदल्या दिवशीची जुनागढ प्रशासनाची सूचना बघा आणि रद्द करता येणारीच तिकिटे काढा. थंडीत डोंगर हवाच असेल तर पावागडची पायथ्यापासूनची चढाई आहे. ती वर्षभर करता येते, आणि संध्याकाळी घरी.